उतरलेली बॅटरी

मी रेवदंड्याजवळच्या त्या प्रसूतिगृहात रुजू झाले तेव्हा देश स्वतंत्र होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती आणि मला डॉक्टर होऊन जेमतेम तीन. सहा खाटा, एक नर्सबाई, एक कंपाउंडर आणि एक मोटार, एवढाच आमचा पसारा. मोटार महायुद्धाच्या आधीची होती. मुंबईच्या कुणा शेठजींनी नवी घेतली तेव्हा जुनी आमच्या संस्थेला देऊन टाकली होती. गावात वीज नव्हती, ऑपरेशनची सोय नव्हती. अडलेल्या बाईला दहा-अकरा मैलांवरच्या अलिबागच्या सरकारी इस्पितळात पोचवणं हाच आमच्याकडचा शेवटचा उपाय, आणि तो सगळा त्या मोटारीवर अवलंबून होता.

गाडीला एक ड्रायव्हर होते. पन्नाशीचे, आगरी, लढाईत ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लष्करी ट्रक चालवून आलेले. बोलणं मोजकं. मी त्यांना मामा म्हणायचे, ते मला बाय म्हणायचे. आल्याबरोबर मी गाडीत एक सुधारणा केली होती. मागची सीट काढून तिथे सुताराकडून एक लांब फळी बसवून घेतली, म्हणजे बाईला आडवं झोपवून नेता येईल. माप मी काढलं, खडूच्या खुणा मी केल्या, स्क्रू कुठे मारायचे तेही मीच उभं राहून दाखवलं. अलिबागच्या मोठ्या डॉक्टरांनी ती फळी पाहून शाबासकी दिली होती, आणि ती मी बरेच दिवस मनात घोळवली होती.

गणपती झाल्यावर कधीतरी बॅटरी उतरायला लागली. रोज नाही. चार दिवस गाडी नीट चालू व्हायची, पाचव्या दिवशी सकाळी बटण दाबलं की आतून नुसता एक टक आवाज. मग माणसं गोळा करा, ढकला. बॅटरी अगदीच रिकामी असेल तर ढकलूनही काही व्हायचं नाही. मग ती काढून एसटीच्या टपावरून अलिबागला पाठवायची आणि भरून येईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. अलिबागच्या चार्जिंगवाल्याचा निरोप यायचा : बॅटरी जुनी आहे पण चांगली आहे, तिच्यात दोष नाही.

मामांनी बॅटरी भरत ठेवणारा डायनॅमो उघडून पाहिला, पट्टा ताणला, बॅटरीची टोकं गरम पाण्याने धुऊन त्यांना व्हॅसलीन लावलं. दोन आठवड्यांत पुन्हा तेच.

"बाय, करंट कुटंतरी गळतोय," ते म्हणाले. "गाडी उभी असते तवा गळतोय. मला दोन दिवस द्या. सगळी वायर उगडून बघतो."

"दोन दिवस गाडी बंद ठेवायची? आणि त्या दोन दिवसांत कुणी अडलं तर?"

मला माझं म्हणणं इतकं बरोबर वाटत होतं की मी पुढे विचार केला नाही.

त्यानंतर आमच्या कंपाउंडरने मला एक गोष्ट सांगितली. औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता, सहज सांगावं तशी. "बाई, मामा रोज संध्याकाळी गाडीचं तोंड उघडून काहीतरी करतात. आणि नाक्यावरच्या हॉटेलात नवा रेडिओ आलाय, ऐकलात का? वीज नाही गावात. कशावर चालत असेल?" पुढचं त्याने माझ्यावर सोडलं.

त्याच संध्याकाळी मी मुद्दाम गॅरेजकडे गेले. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दोन झापांचं दार. मामा पाना घेऊन गाडीवर वाकले होते, बॉनेट वर होतं.

"काय करताय?"

"वायर काडून ठेवतोय बॅटरीची. सकाळी परत लावीन."

"रोज काढता?"

"आटवडा झाला."

"मला बोलला नाहीत."

"तुमी म्हणाल, गाडी खोलू नका."

उत्तर सरळ होतं. पण माझ्या डोक्यात रेडिओ वाजत होता. मी विचारलं, "हॉटेलातला रेडिओ कुठल्या बॅटरीवर चालतो, माहीत आहे तुम्हाला?"

त्यांनी पाना खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी काय म्हटलं ते जणू त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं.

"गॅरेजची चावी आजपासून माझ्याकडे राहील," मी म्हटलं.

त्यांनी वायर होती तशी परत लावली, बॉनेट खाली केलं, दाराला कुलूप लावलं आणि चावी माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. मी कुणाला विचारायलाही पाठवलं नाही. मनाशी म्हटलं, खरं असेल म्हणूनच तोंड लपवलंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता खाडीपलीकडून एका कोळणीला आणलं.

ओहोटी होती. होडी काठाला लागत नव्हती, म्हणून चौघांनी तिला चादरीच्या झोळीत घालून मांडीएवढ्या पाण्यातून आणलं होतं. झोळीतून पाणी ठिबकत होतं. बाई एकवीस-बावीस वर्षांची. दुसरं बाळंतपण. पहिली तीन वर्षांची मुलगी घरी. मी तपासायला चादर बाजूला केली. मूल पोटात आडवं होतं आणि त्याचा एक हात बाहेर आला होता. छोटा, निळसर हात. मी पोटावर नळी लावली. ठोके लागत होते. मंद, पण लागत होते.

"फिरवता येईल का?" नर्सबाईंनी हळूच विचारलं.

पिशवीतलं पाणी केव्हाच गेलं होतं, गर्भाशय मुलाभोवती आवळून बसला होता. फिरवायला गेले असते तर गर्भाशय फाटला असता. "नाही," मी म्हटलं. "अलिबाग. आत्ता."

गॅरेज उघडलं. कंपाउंडरला थोडीफार गाडी येत होती. तो बसला, बटण दाबलं. टक. पुन्हा दाबलं. या वेळी टकसुद्धा नाही.

गाडीला दोन रात्री कुणी हात लावला नव्हता. कुलूप माझं होतं, चावी माझ्या कमरेला होती. त्या दाराशी उभी असताना मला ते कळलं, पण त्याचा अर्थ काढायला वेळ नव्हता. बाईचा नवरा आणि होडीतली माणसं गाडी ढकलायला लागली. वाळूच्या रस्त्यावर ती रडतखडत पन्नास पावलं गेली. इंजिनाने साधी उचकीही दिली नाही. पुढून लोखंडी हँडल फिरवून पाहिलं, तेही व्यर्थ. एसटी पाच वाजता होती. बैलगाडीने तीन-चार तास लागले असते.

"मामांना बोलवायला हवं," नर्सबाई म्हणाल्या.

कुणाला तरी पाठवता आलं असतं. पण ते येणार नाहीत अशी मला भीती वाटली, म्हणून मी स्वतः गेले. त्यांचं घर सुपारीच्या वाड्यांमागे होतं. अर्धी वाट मी धावले, पदर खोचून. वाडीत पाणी लावणारी माणसं थांबून बघत होती.

मामा जेवायला बसले होते. मी उंबऱ्यातूनच सांगितलं : हात बाहेर आलाय, मूल जिवंत आहे, गाडी चालू होत नाही. ताटातल्या भाताचे त्यांनी दोनच घास घेतले असतील. त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांना म्हणाली, "जेवून तरी जावा."

मामांनी ताटातच हात धुतला आणि उठले. वाटेत एकच प्रश्न विचारला. "हँडल मारलं तवा ठिणगी पडली?"

"मला नाही कळत."

"मंग न्हाय पडली. बॅटरी साफ मेली असल तर हँडल मारून काय उपेग न्हाय. दुसरी बॅटरी पायजे."

असं म्हणून ते प्रसूतिगृहाकडे वळलेच नाहीत. तडक नाक्यावरच्या हॉटेलात शिरले. मी मागोमाग. गल्ल्यामागे रेडिओ होता आणि त्याच्याखाली फळकुटावर बॅटरी. मामांनी मालकाला दोन शब्द सांगितले, वायरी सोडल्या आणि ती जड पेटी पोटाशी धरून बाहेर आले. आणि मला, त्या घाईतसुद्धा, वाटून गेलं : बघ, ह्यांना बरोबर माहीत होतं ती कुठे आहे. माणूस इतका वाईट होऊ शकतो. पोटातलं मूल मरत असताना मी चोर पकडत होते.

मालक मागून ओरडला, "तीन दिवस वाजलाय रेडिओ तिच्यावर! फार जीव न्हाय उरला तिच्यात!"

"एकदाच पायजे," मामा न थांबता म्हणाले.

जुनी बॅटरी काढून फळीखाली ठेवली, ही बसवली. बाईला फळीवर झोपवलं, मी तिच्या उशाशी खाली बसले, नवरा पायथ्याशी. मामांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि बटणाला हात न लावता हँडल घेतलं. "बटणात करंट घालवायचा न्हाय. ठिणगीला ठेवायचा." पहिल्या दोन झटक्यांना काही नाही. तिसऱ्याला इंजिन खोकलं. चौथ्याला लागलं.

तीन वाजून गेले होते.

चौलच्या वाड्यांमधला तो रस्ता म्हणजे दोन्हीकडे दगडी कुंपणांचे गडगे आणि मधे एका गाडीपुरती जागा. समोरून गवताने भरलेली बैलगाडी आली. मामा थांबले, पण एका पायाने पेट्रोल देत इंजिन चालू ठेवून. गाडी थरथरत होती, बाई कण्हत होती, आणि गाडीवान बैलांना मागे रेटायला बघत होता तर बैल मागे जाईनात. दोन माणसं खाली उतरून चाकांना लागली. मी नळी लावून ठोके मोजत होते. शंभर. मग नव्वद. त्या आवाजात नीट ऐकूही येत नव्हतं. मी बाईला सांगत होते, जोर करू नकोस, श्वास घे. तिने माझं मनगट धरलं होतं, त्याचे वळ मला दुसऱ्या दिवशीही दिसत होते.

नागाव ओलांडल्यावर ठोके सापडेनासे झाले. मी नळी इकडे लावली, तिकडे लावली. मग ती कानातून काढली आणि तरी हातात तशीच धरून बसले, कारण बाई माझ्याकडे बघत होती.

इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी तिला तपासलं. "कधी आली तुमच्याकडे?"

"दोन वाजता."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला आले होते. टेबल तयार करायला सांगून ते हात धुवायला गेले. बाई वाचली. मूल गेलेलंच होतं. मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाई शुद्धीवर आल्यावर, मी बाहेर आले. मामा गाडीतच झोपले होते. आम्ही दोन्ही बॅटऱ्या घेऊन चार्जिंगच्या दुकानात गेलो. दुकानदाराने हॉटेलची बॅटरी पाहिली आणि हसला. "ही आज तुमच्याबरोबर कशी? ही तर दर बुधवारी एसटीने येते. बाजूला मालकाने रंगाने खूण केलीय बघा." मग आमच्या बॅटरीकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ही तुमची. हिला कोण मारतंय तेवढं शोधा."

मामा दुकानदाराकडे पाठ करून बाहेर बघत उभे राहिले. मला तिथे बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

बॅटऱ्या भरून घेऊन परत आल्यावर मात्र मी म्हटलं, "मामा, तुम्हाला हवे तेवढे दिवस घ्या. वायरी उघडा. मी थांबते मदतीला."

त्यांनी गाडीच्या मागच्या दिव्यातला एक छोटा बल्ब काढला. बॅटरीची वायर टोकावरून सोडवली आणि टोक आणि वायर यांच्या मधे तो बल्ब जोडला. "आता गाडीत सगळं बंद हाय," ते म्हणाले. "करंट जात नसल तर बल्ब लागायचा न्हाय. लागला तर समजायचं, वाट हाय."

बल्ब लागलेला दिसत नव्हता. मामा उठले आणि शेडचं दार लावून घेतलं. भर दुपारी आत अंधार झाला, पत्र्याच्या भोकांतून आलेले चार-दोन उन्हाचे ठिपके तेवढे. डोळे सरावल्यावर मला बल्बच्या पोटात एक लाल रेघ दिसली. विझत आलेल्या निखाऱ्याएवढी. आमची गाडी तिथे उभ्या उभ्या, कुणी हात न लावता, रिकामी होत होती.

"दिसतोय," मी म्हटलं.

"तुमी बल्बावर नजर ठेवा. मी एक एक वायर सोडतो. इझला का सांगा." ते स्टिअरिंगखाली आडवे झाले. "ही भोंग्याची. इझला?"

"नाही."

"ही डायनॅमोची."

"नाही. तसाच आहे."

"मागच्या दिव्यांची."

"नाही."

असं बराच वेळ चाललं. घामाने माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं. शेडमध्ये पेट्रोलचा आणि ओल्या लाकडाचा वास भरला होता. आणखी दोन वायरी झाल्या. मग ते काहीच न सांगता काहीतरी खुडबुडले आणि ती लाल रेघ नाहीशी झाली.

"विझला! मामा, विझला! कुठली?"

"छताच्या दिव्याची."

छतातला दिवा तर बंद होता. पण त्याला जाणारी वायर बटणापर्यंत कायम जिवंत असते, हे त्यांनी मला समजावलं. ती वायर मागच्या दाराच्या खांबालगत वर जात होती. मामा मागे आले. खांबाशी बोट फिरवत खाली आले आणि फळीपाशी थांबले.

"काडू?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. फळीचे स्क्रू त्यांनी एकेक करून काढले. कोपऱ्यातला शेवटचा स्क्रू बाहेर आला तो टोकाला हिरवा होता. तांब्याला चढतो तसला हिरवा. खांबाला लागून गेलेल्या वायरीच्या सुती वेष्टणात तो शिरला होता. फळीची ती बाजू काळी पडलेली, हाताला ओली. होडीतून आणलेल्या बाया भिजलेल्या कपड्यांनिशी याच फळीवर झोपायच्या. खाडीचं पाणी लाकडात मुरायचं आणि त्या ओलीतून, गंजातून करंट गाडीच्या पत्र्यात उतरायचा. फळी सुकली की थांबायचा. म्हणून रोज नाही, चार दिवसांनी. चावी माझ्याकडे आली त्याच दिवशी मामांनी खाडीपलीकडची एक बाई याच फळीवरून आणली होती.

त्या जागेवर खडूची खूण माझी होती.

मामांनी स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला आणि वायरीला चिकटपट्टी गुंडाळायला लागले. मी कंपाउंडरला हाक मारली, नर्सबाईंना हाक मारली. दोघांच्या देखत म्हटलं, "बॅटरी माझ्यामुळे उतरत होती. मामा ती रोज वाचवत होते आणि मी त्यांना चोर म्हटलं. मामा, मला माफ करा."

कंपाउंडर खाली बघत उभा राहिला. मामांनी पट्टीचं टोक दाताने तोडलं.

"मला इचारायला पायजे व्हतं तुमी," ते म्हणाले. "हाटेलवाल्याला तरी इचारायला पायजे व्हतं. चार पावलांवर हाय तो. मी रागानं घरी बसलो न्हवतो, बाय. माझ्या घरातलीनं इचारलं, खरंच नेली काय तुमी बॅटरी? तिला बी वाटलं. म्हणून बसलो व्हतो."

मी त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या बायकोला तेच सगळं पुन्हा सांगितलं. तिने ऐकून घेतलं. बसा म्हणाली नाही.

पंधरा दिवसांनी त्या कोळणीला घरी सोडायचं होतं. मी आणि मामा तिला आणायला अलिबागला गेलो. नवीन फळी जरा उंचावर बसवली होती, खाली रबराची पट्टी टाकून. ती झोपायला तयार होईना, म्हणून माझ्याशेजारी फळीवर बसली. चौलच्या अलीकडे मी तिला सांगितलं. गाडी बंद होती, त्यात तासभर गेला, गाडी बंद होती ती माझ्या चुकीने. तो तास मिळाला असता तर मूल वाचलं असतं की नाही, मला माहीत नाही, कदाचित वाचलं असतं. मामांनी समोरचा आरसा थोडा वळवला, मला वाटतं, आम्हाला बघायला लागू नये म्हणून.

तिने बसल्या जागी माझ्याकडे तोंड वळवलं.

"रडला न्हाय तो?" तिने विचारलं.

"नाही."

"माझ्यासारका व्हता की बापासारका?"

मी त्याला पाहिलं होतं. कपाळ तिच्यासारखंच रुंद होतं. मी तसं सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि मग, डॉक्टरला विचारतात तशा आवाजात, म्हणाली, "मंग आता पुढं व्हईल का मला?"

"होईल," मी म्हटलं. "पण सातव्या महिन्यापासून तू माझ्याकडे यायचंस. दर आठवड्याला."

"होडी मिळाली तर येईन," ती म्हणाली.

खाडीवर भरती होती. होडी काठाला लागलेली होती आणि नवरा पाण्यात उभा राहून तिची वाट बघत होता.